पाण्याची दवंडी

उंबरसांगवीत पुलाच्या अलीकडे, नदीच्या काठावर छातीएवढ्या उंचीचा एक दगडी कट्टा आहे. गावाला काही कळवायचं असलं, रेशन आलंय, लस टोचायला डॉक्टर येणार आहेत, की पंचायतीची रिक्षा भोंगा लावून गल्लीगल्ली फिरते. या कट्ट्याजवळ मात्र भोंगा बंद होतो. माणूस खाली उतरतो, कट्ट्यावर चढतो आणि नुसत्या तोंडाने सांगतो. नवखा पाहुणा हे बघून चकित होतो. मग गावातले धोंडीनाना शेंडगे त्याला सावलीत बसवून घेतात आणि हैबतीची हकिकत सांगतात.

हैबती हा गावचा दवंडीवाला. नानांच्या आजोबांनी त्याला पाहिलं होतं म्हणे. त्या काळी छापील कागद यायचा तो चावडीत, आणि तो वाचणारे दोघेच. बाकी गावाला जगाची खबर लागायची ती हैबतीच्या तोंडून. त्याच्या हलगीवर तीन थापा पडल्या की जात्यावरची बाई हात थांबवायची. प्लेगच्या साली त्याच्या एका हाकेवर अख्खं गाव घरं उघडी टाकून रानात राहायला गेलं आणि वाचलं, असं सांगतात. हैबतीला त्याचा अभिमान होता. बायको मात्र त्याच प्लेगात गेली होती. मागे उरली ती येसू नावाची तान्ही लेक. तिला त्याने एकट्याने वाढवलं.

येसू नऊ वर्षांची झाली त्या चैत्रात जत्रेला पहिल्यांदा सिनेमाचा तंबू आला. नदी आटलेली, म्हणून तंबू पात्रातल्या वाळूतच ठोकला. तेलावर चालणारं इंजिन, पांढरा पडदा, आणि पडद्यावरची माणसं चक्क बोलतात! येसू दिवसभर तंबूभोवती घिरट्या घालू लागली.

तंबूच्या मॅनेजरने हैबतीला बोलावून घेतलं. सिनेमात एक मोठा पूर होता.

"नुसतं खेळ आहे म्हणू नकोस," मॅनेजर म्हणाला. "पूर आला, पळा, असं ओरड. लोक बिचकले पाहिजेत."

"खोटं कसं बोलू, साहेब? आजवर कधी बोललो नाही."

"खोटं कुठं? पडद्यावर येतोच आहे की पूर. आणि तुझ्या पोरीला रोज अगदी पुढं बसवतो."

हैबतीने मागे वळून पाहिलं. येसू तंबूच्या फटीला डोळा लावून उभी होती. तो हो म्हणाला.

पहिल्या दिवशी त्याची हाक ऐकून बायका कडेवर पोरं घेऊन घराबाहेर धावल्या. एक म्हातारा उंबऱ्यात अडखळून पडला. पुढे तंबू दिसला, मॅनेजर हात जोडून हसत उभा. लोकही हसले आणि आत गेले. हैबती मात्र त्या म्हाताऱ्याच्या गुडघ्याला हळद लावत बसला होता. दुसऱ्या दिवशी त्याची हाक ऐकून कुणी दचकलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या पुढे पोरं नाचत होती आणि त्याच्याच सुरात "पूर आला, पळा" ओरडत होती. हैबतीला अन्न गोड लागेना. पण येसू घरी येऊन राजाराणीची बोलणी करून दाखवायची, नि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हलगी उचलायचा.

चौथ्या दिवशी, चैत्र वद्य षष्ठीला, दुपारपासून वरच्या डोंगरावर काळंभोर आभाळ दाटलं होतं. गावात थेंब नव्हता. दिवेलागणीला खेळ सुरू झाला, आणि हैबती हलगी खुंटीला अडकवत होता, तोच तलावाचं पाणी सोडणारा पाटकरी घोडी फेकत आला. ढगफुटी झाली, तलावाचा बांध गेला, पाणी निघालंय, एवढं सांगून तो पुढच्या गावाकडे गेला.

हैबती हलगी बडवत खाली धावला. "पूर आला! वर चढा! टेकडीवर चला!"

"आज दोनदा व्हय, हैबती?" ओट्यावरून कुणीतरी म्हणालं. "बघितला की तुझा पूर कालच!"

"आरं, खरा पूर हाय! माझ्या येसूची आण!"

ओट्यावर हशा पिकला. आण घ्यायलाही मॅनेजरनेच शिकवलं असणार, असं त्यांना वाटलं.

तंबूच्या दारवानाने त्याला अडवलं. हैबती कनातीखालून आत शिरला. पडद्यावर नेमका तेव्हाच पूर चालला होता. पाण्याच्या त्या गडगडाटात हैबती हलगी वाजवत, रडत, ओरडत उभा राहिला, आणि लोकांना ती खेळातलीच करामत वाटली. त्यांनी शिट्या मारल्या, टाळ्या वाजवल्या. अगदी पुढे वाळूत बसलेल्या येसूने मागे वळून पाहिलं. आपल्या बापाला एवढे लोक टाळ्या देताहेत हे बघून तिचा चेहरा उजळला. तीही टाळ्या वाजवू लागली.

तो माणसं तुडवत तिच्याकडे निघाला. मध्येच इंजिन बंद पडलं. पडदा विझला. त्या अंधारात सगळे एकदम गप्प झाले, आणि गडगडाट मात्र थांबला नाही.

किती माणसं गेली, याचा आकडा जो तो वेगळा सांगतो. हैबती तंबूच्या दोरखंडात अडकून काठाला लागला. येसूचा परकर नाही, वेणीचा गोंडा नाही, काहीच हाती आलं नाही. गावाने त्याला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं तो म्हणायचा म्हणे. त्याने हलगी नदीत सोडली, दगड वाहून हा कट्टा रचला आणि शपथ घेतली, की इथून पुढे या जागी वाद्यावर काही सांगायचं नाही. मग रोज दिवेलागणीला तो कट्ट्यावर चढून ओरडायचा, "पाणी आलं, वर चढा." आणि वाचलेलं सगळं गाव रोज मुकाट टेकडी चढायचं. तो मरेपर्यंत, सात वर्षं.

त्यानंतर ही हाक वर्षातून एकदाच, षष्ठीला द्यायची असं ठरलं. चावडीत रेडिओ आला तेव्हा बातम्या संपल्यावर हाक द्या, असं लोक म्हणू लागले. घरोघरी टीव्ही आले, तशी म्हातारी माणसंच तेवढी चढू लागली. मग तीही एकेक करून गेली.

आजही चैत्र वद्य षष्ठीला हाक होते. ती धोंडीनाना देतात. गेल्या साली गर्दी कधी नव्हे एवढी होती, तालुक्याहूनही माणसं आली होती. नानांनी हाक दिली आणि ते काठी टेकत टेकडी चढले. वर पोचून त्यांनी मागे पाहिलं, तर वाटेवर कुणी नव्हतं. सगळे खाली नदीच्या वाळूत उभे होते, मोबाईल वर धरून, टेकडीवर एकटा चढलेला म्हातारा टिपत.

नाना रीतीप्रमाणे अंधार पडेपर्यंत वर बसले. मग एकटेच उतरून घरी गेले.