दीड सेकंदाचा निरोप

एकदा एक माणूस भर दुपारी आपल्या जुन्या गुरूंच्या दारात येऊन उभा राहिला. साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं एक वाद्य त्याने तान्ह्या बाळासारखं छातीशी धरलं होतं. गुरू म्हणजे गावातले वृद्ध पेटीवादक. सगळे त्यांना बुवा म्हणत. वाताने बोटं वाकडी झाल्यापासून त्यांचं वाजवणं थांबलं होतं, कान मात्र शाबूत होते. हा माणूस लहानपणी सहा वर्षं त्यांच्याकडे शिकला, मग नोकरी-संसारात सगळं सुटलं. तरी बुवांच्या लेखी शिष्य तो शिष्यच.

"बुवा, सेल नवे घातलेत, पण दिवेलागणीच्या आत मला घरी पोचायला हवं," तो बसायच्या आधीच म्हणाला.

"अरे, पाणी तरी पी. गाडी सुटतेय का तुझी?"

त्याने कापड सोडलं. आत जुन्या बाजारातून आणलेला, खेळण्याएवढा, बत्तीस पट्ट्यांचा विजेवरचा कीबोर्ड होता. आवाज असा, की पत्र्याच्या डब्यात तोंड घालून कुणी बोलावं. पण त्याची एक करामत होती. कोपऱ्यातल्या जाळीपुढे काही बोललं की दीड सेकंदाचा आवाज तो धरून ठेवी आणि प्रत्येक पट्टीतून तोच आवाज वेगवेगळ्या सुरात काढी. कुत्र्याचं भुंकणं धरा नाहीतर भांडं पडल्याचा आवाज धरा, त्याचं गाणं करता येई. मात्र वीज आणि सेल दोन्ही गेले की पोटातलं सगळं पुसलं जाई. म्हणून शिष्याच्या घरी तो वर्षभरात एकदाही बंद झाला नव्हता.

कारण त्यात त्याच्या बायकोचा आवाज होता.

शैलजा त्या दिवशी बहिणीच्या सुनेच्या डोहाळजेवणाला निघाली होती. कीबोर्ड घरात येऊन दोनच दिवस झालेले. याने तिला दारात अडवलं, "यात काहीतरी बोल की." ती पदर सावरत म्हणाली, "येते हं." वाटेत रिक्षा उलटली. ती आली नाही.

माणूस गेला आणि दोन शब्द उरले. तेव्हापासून हा कचेरीतून आला की त्या पट्ट्यांपुढे बसे. जेवणाची शुद्ध नाही, कुणाकडे जाणं-येणं नाही. वीज गेली की याचा जीव टांगणीला लागे. शेजारच्या बाईंनी शेवटी भाजीची वाटी देता देता सांगितलंच, "भाऊजी, राग मानू नका, पण भिंतीतून वहिनींचा आवाज आला की माझी तव्यावरची पोळी करपते हो. कुणा जाणत्याला तरी दाखवा ते." म्हणून तो आज इथे आला होता.

"आठ दिवसांनी वर्षश्राद्ध आहे, बुवा. तिच्याच आवाजाचं गाणं करून सगळ्यांना ऐकवायचंय. भीमपलासात चाल बांधलीय. पण बसत नाही."

"वाजव."

त्याने वाजवलं. खालच्या पट्टीत 'येऽऽतेऽऽ हंऽऽ' असं कुणा आजारी म्हाताऱ्याने पांघरुणातून कण्हावं तसं निघालं. वरच्या पट्टीत नुसती चिमणीची चिवचिव.

"यातली शैलजा कुठली?" बुवांनी विचारलं.

त्याने मधली एक पांढरी पट्टी दाबली. "येते हं." खोलीत क्षणभर कुणी बाई उभी असल्यासारखं झालं.

"मग बाकीच्या एकतीस कोण?"

"तेच तर शिकवा. सगळ्या पट्ट्यांत तीच राहील असं काहीतरी करा. शिवाय वरचा सूर लवकर संपतो, खालचा रेंगाळतो. चार पट्ट्या एकदम दाबल्या तर चौघी चार वेळांना संपतात."

बुवा काठी घेऊन उठले, वहाणा पायात सरकवल्या आणि म्हणाले, "बरं, येतो."

"या," पट्ट्यांवरची मान वर न करता शिष्य म्हणाला.

बुवा गेले ते गेलेच. अर्धा तास झाला, तास झाला. चहाला दूध आणायला गेले असतील असं त्याला आधी वाटलं. नळाला पाणी आलं, तर याने उठून बुवांची कळशी भरून ठेवली. ऊन ओटीवरून उतरलं. घरात दुसरं कुणी नाही, दार सताड उघडं, कुलूप कुठे ठेवतात ते माहीत नाही. टाकून जावं तर म्हाताऱ्याचं घर उघड्यावर, थांबावं तर सेल उतरणार. वीजजोडणीची वायर तो घरीच विसरला होता. बारक्या लाल दिव्याकडे डोळे लावून तो बसून राहिला.

दिवेलागणीला बुवा परतले.

"कुठे होता?"

"समोरच्या पारावर. इथून दिसतो."

"पारावर?" शिष्याचा बांध फुटला. "मी सांगितलं होतं ना तुम्हाला! सेल गेले असते म्हणजे? ती गेली असती म्हणजे? तुम्हाला काय, तुम्ही पारावर बसाल!"

बुवांनी ते सगळं ऐकून घेतलं.

"निघताना मी काय म्हणालो?"

"येतो म्हणालात."

"तू काय म्हणालास?"

"'या' म्हणालो."

"मान वर केली नाहीस, पण म्हणालास. का?"

"म्हणतातच की, बुवा. कुणी 'येतो' म्हटलं की आपण..."

तो मध्येच थांबला.

"त्या दिवशी मी गप्प राहिलो होतो," तो म्हणाला. "कीबोर्ड चालू होता. माझा आवाज त्यात मिसळला असता. ओठ घट्ट मिटून घेतले होते मी. मग लगेच मान खाली घालून नीट उतरलंय का ते बघत बसलो. वर पाहिलं तेव्हा दारात कुणी नव्हतं."

बुवा त्याच्या शेजारी जमिनीवर बसले.

"बाळ, आपल्यात निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. पण तो शब्द अर्धा असतो. उरलेला अर्धा मागे राहणाऱ्याच्या मुखी असतो. त्याने 'या' म्हटलं की निरोप पुरा होतो आणि पाऊल उंबऱ्याबाहेर पडतं. तुझ्या वाद्यात अर्धाच शब्द आहे. वर्षभर तू पट्टी दाबतोस ती तिला बोलावायला, आणि दर खेपेला ती निघायलाच उठते. बत्तीस पट्ट्यांत तू तिचा सूर शोधत नाहीस. तुझा न दिलेला शब्द शोधतोयस. तो त्यात नाही. तो त्यात शिरू नये म्हणून तूच तर ओठ मिटले होतेस. मी गाणं कुठून बसवून देऊ?"

"आता म्हटला तर?"

"म्हण."

"पोचेल तिला?"

"नाही."

"मला तरी हलकं वाटेल?"

"तसं तुला वाटावं म्हणून मी खोटं बोलणार नाही. माझ्या घरातून तीन माणसं गेली. तिघांनाही नीट 'या' म्हटलं होतं. तरी जड ते जडच आहे."

शिष्याने मधली पट्टी दाबली. "येते हं." त्याने तोंड उघडलं, पण शब्द फुटला नाही. पुन्हा दाबली, पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा "ये" निघाला तोही कुणाला ऐकू जाऊ नये इतका हळू. वाद्य गप्प होतं. त्याला दोनच शब्द बोलता येत होते आणि ते बोलून झाले होते. तेव्हा कुठे त्याला उमगलं, की वर्षभर तो ज्याची राखण करत होता ते तिचं असणं नव्हतं, तिचं जाणंच होतं.

अंधार पडला होता. त्याने वाद्य कापडात गुंडाळलं. लाल दिवा मिणमिणत होता, पण घराकडे जाताना तो धावला नाही.

श्राद्धाच्या दिवशी पंगत उठल्यावर मेहुणीने विचारलं, "भाऊजी, ताईचं गाणं बसवणार होतात ना?"

"नाही बसलं," तो म्हणाला आणि खरकटी पानं उचलू लागला.

आपल्या घरातून कुणी 'येतो' म्हणून निघालं, तर हातातलं काम क्षणभर खाली ठेवावं, त्याच्या तोंडाकडे पाहावं आणि 'ये' म्हणावं.