चिंचेखालची हरळी

फार वर्षांपूर्वी एका बागेत चिंचेखाली हरळीची एकच म्हातारी काडी उरली होती. माळ्याने उन्हातली कोवळी हरळी आणून तिच्याभोवती लावली आणि चिंचेची खालची फांदी छाटायला कोयता उचलला. आता ऊन येईल, आपण जगू, असे म्हातारीला वाटले.

"माळीदादा, नका तोडू!" नवी हरळी ओरडली. "किती गार आहे इथे!"

"अगं पोरींनो, या गारव्यानेच माझ्या साऱ्या बहिणी गेल्या," म्हातारी कळवळून म्हणाली.

"आजीबाई, तुमच्या हाडांना ऊन हवं, म्हणून आमची सावली घालवता?" पोरी हसल्या. माळ्याने कोयता खाली ठेवला.

वर्षभरात म्हातारी मातीत मिसळली. पोरींपैकीही एकच, पिवळी पडलेली, उरली. माळी कोवळ्या हरळीची नवी टोपली घेऊन आला, तेव्हा तिने आशेने त्याच्या हातांकडे पाहिले. या वेळी त्याने कोयता आणलाच नव्हता.