सावलीतले आठ दिवस

झाडंझुडपं आणि नळसुद्धा बोलत असत, त्या काळची गोष्ट. हेमलताबाईंनी गच्चीवरच्या ड्रॅगन फ्रूटच्या वेलाची दोन कांडी कापली आणि जिन्याखालच्या सावलीत, कोरड्या फरशीवर ठेवून दिली. ना माती, ना पाणी.

"आपल्याला टाकून दिलं," धाकटं कांडं म्हणालं. "इथंच वाळून मरणार आपण."

"भीती मलाही वाटते," थोरलं म्हणालं. "पण बाई रोज येऊन आपल्याला उलटसुलट करून बघतात. टाकलेल्याकडे कोण बघतं?"

तिसऱ्या दिवशी धाकट्याला राहवेना. शेजारीच नळ होता. "नळदादा, जीव चाललाय हो! घोटभर द्या ना!"

नळाला दया आली. त्यानं हळूच धार सोडली. धाकटं ओल्या जखमेनं पोटभर प्यालं. थोरलं अंग चोरून कोरडंच राहिलं आणि भीतीनं आणखी सुरकुतलं.

आठव्या दिवशी बाई कुंडी घेऊन आल्या. धाकट्याला उचलताच बोटं बुळबुळीत झाली.

"अगं बाई, याला पाणी कुणी पाजलं? कापल्या जखमेवर खपली धरेपर्यंतच तर कोरडं ठेवलं होतं. पार कुजलं की!"

त्यांनी ते खताच्या खड्ड्यात टाकलं, थोरलं कुंडीत लावलं आणि नळ सोडला. पाणी येईना. धाकट्याचं काय झालं ते पाहून नळाला धार सोडायचा धीर होईना.

"घाबरू नका नळदादा," कुंडीतून थोरलं म्हणालं, "माझी खपली धरलीय. आता द्या."