भिवरेची हाक

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव आता कुणालाच सांगता येत नाही. तिथं एका मोठ्या तळ्याकाठी एक गाव होतं. दर हिवाळ्यात दूरदेशीचे करकोचे त्या तळ्यावर उतरत आणि शेतातले टोळ, अळ्या वेचून खात. त्यांच्या जिवावर गावची शेतं पिकत.

गावची रीत अशी, की करकोचे आकाशात दिसले की भिवरा नावाच्या बाईनं बांधावर उभं राहून त्यांना हाक मारायची. तिच्या आईचा आणि आजीचाही हाच मान होता. तळं आटलेलं असलं, शिकारी दबा धरून बसलेले असले, तर त्या हाक मारत नसत. पक्षी मग पुढं निघून जात. हाक आली की मात्र ते बिनघोर उतरत.

एके वर्षी राजाच्या माणसांनी तळ्याजवळ जमिनीला खोल भोक पाडून तेल काढलं. घरोघरी फुकटात दिवे लागले आणि गाव हरखून गेलं. तेलाबरोबर वर येणारा वायू तिथंच जाळून टाकत. काळा, तेलकट, निरुपयोगी गाळ ओतायला तळ्याला लागूनच एक ऐसपैस खड्डा खणला होता. तिकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

भिवरेनं बघितलं. ज्वाळेखाली होरपळलेली भोरड्यांची पाखरं पडली होती. खड्ड्याच्या काठी टिटव्या मरून पडल्या होत्या, आणि त्यांचे पंख असे चिकटले होते, की तिला ते सोडवताही येईनात. ती तडक पाटलाकडे गेली.

"पाटील, औंदा मी हाक मारायची न्हाई. पाखरं त्या खड्ड्यात पडतील."

पाटलानं तिला हात जोडले. "असं करू नगंस, बाई. राजेसाहेब पाहुण्यांना पाखरं दाखवायला आणणार हाईत. ती उतरली न्हाईत, तर तळं नासलं म्हणून बोभाटा हुईल."

"नासलंच हाय की."

"मग हाकेचा मान दुसऱ्या घरात जाईल. बघ बाई, तुझं तू."

हे मात्र तिच्या जिव्हारी लागलं. आईनं सांभाळलेला मान आपल्या हातून जावा, हे तिला सोसवेना. तिनं मनाची समजूत घातली, की पल्याडच्या काठावर उभं राहून हाक मारू, म्हणजे पाखरं खड्ड्याकडे फिरकणार नाहीत. स्वतःची समजूत घालायला बसलं, की माणसाला कारणं कधी कमी पडत नाहीत.

ठरल्या दिवशी राजा आणि पाहुणे मांडवात बसले. करकोचे आले, पण उतरेनात. कितीतरी वेळ ते वरच घिरट्या घालत राहिले. पल्याडच्या काठावरून भिवरेनं डोळे मिटून हाक मारली.

थवा लगेच खाली वळला. वाऱ्यानं तळ्याचं पाणी गढुळलं होतं; खड्डा मात्र निवांत चमकत होता. पुढचे करकोचे त्यालाच पाणी समजून उतरले आणि रुतले. त्यांना तिथून हाकलायला भिवरा जिवाच्या आकांतानं ओरडू लागली. पण तिच्या घरात पिढ्यानपिढ्या बोलावण्याचीच हाक शिकवली होती. परत पाठवण्याची हाक कुणी केलीच नव्हती. ती जितकी ओरडली, तितके पक्षी उतरत गेले.

लांबच्या मांडवात पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एवढे पक्षी त्यांनी कधी पाहिले नव्हते.

भिवरा काठाकाठानं धावत आली आणि खड्ड्यात उतरली. थव्याचा म्होरक्या, एक म्हातारा करकोचा, तिनं कसाबसा बाहेर ओढला. त्याची चोच तेलानं भरली होती.

"इथं काहीतरी कुजलंय, हे वरूनच कळत होतं," तो म्हणाला.

"मग उतरलात कशाला रे?" भिवरा रडत म्हणाली.

"तू बोलावलंस म्हणून."

एवढं बोलून त्यानं मान टाकली.

पुढच्या हिवाळ्यात वाचलेला थवा गावावरून गेला. बांधावर उभी राहून भिवरेनं घसा फाटेस्तोवर हाक मारली. एकाही पक्ष्यानं खाली पाहिलं नाही. त्या वर्षी टोळांनी शेतं बोडकी केली, आणि भुकेनं गाव उठून गेलं.

तात्पर्य : जो आपल्या शब्दावर विसंबून येतो, त्याला जाणूनबुजून धोक्यात बोलावणं म्हणजे त्याला आपल्याच हातानं मारणं.