कासारणीचं अंगण

बाळांनो, आणि बाळांच्या मागे कान देऊन बसलेल्या मोठ्या माणसांनो, ही गोष्ट फार जुनी, आपल्या पणजीच्याही पणजीच्या आधीची.

एका उघड्याबोडक्या टेकडीवर एक गाव होतं. गावाची रीत न्यारी. बाहेरून आलेल्याला गाव घर देई, पण वर्षाच्या बोलीवर. पुढल्या वैशाखात, भर उन्हात, अंगण फुललेलं दिसलं तर घर कायमचं. नाहीतर गाठोडं बांधायचं. पावसात काय, कुणाचंही अंगण हिरवं होतं!

एका आषाढात तिथं दोन बिऱ्हाडं आली. एक सराफाचं, आणि शेजारी कासारणीचं. कासारीण, तिचा नवरा आणि म्हातारी सासू. गावोगाव बांगड्या विकत फिरून म्हातारीचे पाय गेले होते. आता आणखी एक गाव तिला झेपणार नव्हतं, हे कासारीण जाणून होती.

सराफानं राजाच्या बागेतून फुलांनी लगडलेली रोपं आणली. गुलाब काय, शेवंती काय! बघायला गाव लोटलं. सासूचा जीव खालीवर झाला. आपणही आणू या चार गुलाब, म्हणून ती सुनेच्या मागे लागली.

सून मात्र बांगड्या घेऊन घरोघर हिंडायची आणि बांगड्या भरता भरता नको तेवढ्या चौकशा करायची. ही कण्हेर कुणी लावली, तिला शेळ्या तोंड लावतात का, अबोलीला ऊन सोसतं का.

पाटलीणबाई हसून म्हणाली, "बाई गं, मला बघायला आल्यावर माझ्या सासूनंही एवढं विचारलं नव्हतं."

"पाटलीणबाई, तुमचा हात हातात घेतल्याशिवाय मी बांगडी निवडते का? मग अंगण न बघता झाड कसं निवडू?"

तिनं अंगण बघितलं. वारा कुठून झोडपतो, सावली कुठं टिकते, मोरीचं पाणी कुठं मुरतं. मग घराघरांतून मागून आणलेल्या फांद्या आणि कंद लावले. वाऱ्याच्या कडेला कण्हेर. विषारी म्हणून शेळ्या तिच्या वाटेला जात नाहीत. मोरीच्या ओलीत कर्दळ, भिंतीच्या सावलीत अबोली, दाराशी उन्हात मोगरा.

सराफ कुंपणावरून म्हणाला, "वहिनी, बाग लावलीत की सरपण रोवलंत?"

हिवाळाभर गाव सराफाचेच गुलाब बघत होतं.

मग चैत्र आला. विहिरी खोल गेल्या, झळा सुटल्या. गुलाब करपले आणि उरलंसुरलं शेळ्यांनी खाल्लं. वैशाखात भर दुपारी पंच आले, तेव्हा सराफाच्या अंगणात काट्या उभ्या होत्या. आणि कासारणीकडे? कण्हेर गुलाबी पेटलेली, कर्दळीचे लाल तुरे, अबोलीचा केशरी काठ, मोगरा तर पानं दिसू नयेत असा! पाटील दारातच थबकले. म्हणाले, "घर तुमचं."

गावानं ढोल आणला. म्हातारी उंबऱ्यात पाय पसरून बसली आणि पंचांना म्हणाली, "आता मला इथून हलवून दाखवा."

कासारणीनं पंचांकडून सराफासाठी आणखी एक वर्ष मागून घेतलं. दुसऱ्या दिवशी तो कुंपणाशी आला, तो मोगऱ्याची फांदी मागायलाच. ती म्हणाली, "भाऊजी, आधी तुमचं अंगण दाखवा."

तात्पर्य: रोपाचं रूप नंतर बघावं, आधी आपली माती बघावी.