दाजीसाहेबांची थंडगार बॅटरी

इलेक्ट्रिक स्कूटरचे कारखानदार दाजीसाहेब मगदूम कडाडले, “मुक्ता, बॅटरी तापली की चार्जिंग बंद पाडणारा तो सेन्सर काढून टाक! गिऱ्हाइकं बोंबलतात. आपली बॅटरी म्हणजे बर्फ आहे, बर्फ!”

“काढला,” इंजिनिअर मुक्ता म्हणाली. “आता दसऱ्याच्या जाहिरातीसाठी चार्जिंग चालू असताना सीटवर बसून फोटो द्या.”

गळ्यात झेंडूचा हार घालून दाजीसाहेब ऐटीत बसले. बॅटरी नेमकी सीटखाली. पाचव्या मिनिटाला त्यांची चुळबुळ सुरू झाली, आठव्याला घाम फुटला आणि दहाव्याला “अगं आई गं!” करत ते हारासकट हवेत उडाले. मुक्ताने लगेच प्लग उपटला.

“नवा सेन्सर झकास चालतोय, साहेब! अडचण एकच. गिऱ्हाइकं पाचशे आहेत आणि तुम्ही एकटेच.”