सदा उरणारा दाणा

एका राज्यात सुवर्मा नावाचा राजा होता. वाटणीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. सुगीच्या पंगतीला अन्न असे नेमके वाढले जाई की, पंगत उठली की भांड्यात शीत सापडत नसे. राजा मिशीला पीळ देऊन म्हणे, "पाहा, काही उरले नाही!" अवचित येणाऱ्या अतिथीसाठी मूठभर भात झाकून ठेवावा, हे त्याला कधी सुचलेच नाही. शहाणपणा होता, पण तो मोजण्यापुरता.

एका सुगीला विरोचन मांत्रिक भुकेला आला आणि दारातून उपाशी परतला. जाता जाता त्याने पाच वर्षांच्या राजकन्येला, चारुमतीला, दगड केले.

"तुमच्याकडे काही उरत नाही ना? मग ही तरी का उरावी? अशी संख्या आणा, की तेवढे दाणे दोघांत किंवा अधिक कितीही जणांत सारखे वाटले तरी काही उरलेच पाहिजे. मात्र प्रत्येकाला निदान दोन दाणे मिळावेत. मी तीनदा पारखीन; टिकली, तर लेक परत मिळेल."

राजाने तोंड लपवले. राणी कुमुदिनीने लेकीच्या गार गालावरून हात फिरवला आणि ती निघाली.

तीन वने ओलांडल्यावर बोलका भारद्वाज भेटला.

"राणी, शिदोरीत काय उरले आहे?"

"चतकोर भाकरी. घे, तुझीच."

पक्ष्याने भाकरी खाल्ली आणि घरट्यातून एक ताम्रपट खाली टाकला. त्यावर कोरले होते: सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस.

"हिचे शेपूट तोडत गेले तरी हिचा गुण जात नाही," पक्षी म्हणाला. "अशा संख्यांत हिच्याहून मोठी दुसरी नाही."

राणीने ताम्रपट मांत्रिकापुढे ठेवला. त्याने टाळी वाजवली. अंगणात तेवढे दाणे पडले आणि पिशाच्चांच्या पंगती बसल्या. दोघांत वाटले, तिघांत वाटले, हजारांत वाटले. सगळ्या वाटण्या झाल्या. दर वेळी काही ना काही उरलेच.

मग दुसऱ्या पारखीला त्याने ताम्रपटावरचा शेवटचा अंक, तीन, खरवडून टाकला. आता त्र्याहत्तर लाख त्र्याण्णव हजार नऊशे तेरा राहिले. पुन्हा सगळ्या वाटण्या झाल्या, पुन्हा काही उरलेच.

तिसऱ्या पारखीला तो इरेला पेटला. एकामागून एक अंक खरवडत गेला. सातशे एकोणचाळीस राहिले, ते वाटले जाईनात. त्र्याहत्तर राहिले, तेही नाहीत. शेवटी ताम्रपटावर एकटा सात राहिला. राणी पुढे वाकून पाहू लागली. एवढीशी संख्या काय तग धरणार?

मांत्रिकाने सात दाणे दोघांत वाटले. प्रत्येकी तीन, एक उरला. तिघांत वाटले. प्रत्येकी दोन, एक उरला. याहून जास्त जणांना दोन दोन दाणे पुरणारच नव्हते.

तो त्या एका दाण्याकडे बघत राहिला. "केवढी थोर ही संख्या! सारे गमावले, पण हा दाणा सोडला नाही. राणी, हा कोणाचा?"

राणीने दाणा उचलून त्याच्या तळहातावर ठेवला. "दारात उभा राहिला त्याचा. आपला. त्या दिवशी आम्ही तो ठेवला नाही, आमचे चुकले."

मांत्रिकाने दाणा तोंडात टाकला. त्याचे डोळे भरून आले. त्याच क्षणी राजवाड्यात चारुमती शिंकली आणि म्हणाली, "आई कुठे आहे?"

तेव्हापासून त्या राज्यात पहिले पान दाराशी वाढतात. राजा सुवर्मा सर्वांत शेवटी जेवतो, आणि भांड्यात चार शिते उरलेली दिसली की त्याला सुखाची झोप लागते.